हा आमचा

अनय, इरा,

परवा फोनवर अनय म्हणाला की त्याला दोन देशांच्या संघांनी बोलावलं आहे. जन्म हॉलंडचा म्हणून एक, आणि आईचे वडील आयर्लंडचे म्हणून दुसरा. "आजी, मी कुणाकडून खेळू?" त्याचं उत्तर मला येत नाही. पण हाच प्रश्न जन्मभर दुसऱ्यांना विचारणारा एक माणूस चिखलीत आमच्या शेजारी राहत होता. त्याच्याबद्दल सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं, कारण त्याला ओळखणारं माझ्याखेरीज आता फारसं कुणी उरलेलं नाही.

गणपतकाका पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी आजोळ विचारत.

मी लग्न होऊन चिखलीला आले, तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं काम मिळालं होतं. पहिल्याच सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, "सूनबाई, माहेर कोनतं?"

"पुणे."

"वा! म्हंजे तुमच्या पोराले पुन्याकडूनही खेळता येते."

काका शिकायला नागपूरला होते. तिथून शिक्षण फारसं आणलं नाही, फुटबॉल मात्र आणला. वीस एकर शेती गड्यांवर सोडून ते आसपासच्या गावांच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहत. गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. आमच्याकडच्या सामन्यांचा एक रिवाज होता. माणूस आपल्या गावाकडून खेळू शकत असे, आजोळाकडून किंवा सासुरवाडीकडूनही. मात्र आजोळ-सासुरवाडी सांगणाऱ्यासाठी त्या घरच्या कुणीतरी मैदानाच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेच्या आत येऊन, त्याच्या पाठीवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "हा आमचा." तेवढं झालं की तो त्या गावाचा.

चांगल्या खेळाडूसाठी गावं वाटेल ती नाती जोडत. काका ती तोडत. एकदा बदलून आलेल्या एका पोलिसाला कुणाचा तरी भाचा करून उभं केलं होतं. काकांनी शांतपणे विचारलं, "मामाच्या घरची विहीर कोन्या अंगाले?"

"मागच्या."

"त्याच्या घरी विहीरच नाही. घरी जा बे."

हा नाद मैदानापुरता नव्हता. बारशाला गेले की पाळण्यात वाकून म्हणत, "हा दोन गावांकून खेळू शकते. लग्न झालं की तीन." एका मयतीलाही, तिरडी बांधत असताना, ते मान हलवत म्हणाले, "चिखलीचा गेला. पन मेहकरकडूनही खेळला असता." लोक हसत, काका हसत नसत. "या घरातून न उठता मी तिसरं राज्य पाहून राह्यलो," महाराष्ट्र झाल्यावर ते म्हणत. "राज्य बदलते. आजोळ बदलत नाही."

धाडच्या मैदानाशी त्यांचं वैर होतं. तिथल्या गोलचा एक खांब पांगाऱ्याचा. ओलाच रोवला होता, त्याने मूळ धरलं आणि त्याला फांद्या फुटल्या. "गोलच्या खांबाले पाला? नियमात बसत नाही!" असं म्हणत काका दर सामन्याआधी कोयता मागवून तो पाला स्वतः तोडत.

त्यांना एकुलती एक मुलगी होती, कमल. बायको आधीच गेली होती. कमलने धाडच्या सुधाकरशी, शाळामास्तर होता तो, नोंदणी करून लग्न केलं. सुधाकरचं घर बौद्ध. काका त्या दिवसापासून कमलचं नाव घेईनासे झाले. कुणी विचारलंच तर म्हणत, "मले पोरगी नाही." भाऊबंदांनी तेवढ्यावर समाधान मानलं. काका मात्र एकाच माणसाचा स्वयंपाक करून एकटे जेवू लागले.

पुढच्या दसऱ्यानंतर चिखलीच्या मैदानावर चिखली आणि धाडचा अंतिम सामना होता. तुमचे आजोबा आणि मी रेघेलगत उभे होतो. सुधाकर आला, आणि चिखलीच्या ओळीत जाऊन उभा राहिला.

"अबे मास्तर, इकडं ये ना बे!" धाडवाले ओरडले.

"आज मी सासुरवाडीकून," तो म्हणाला.

काका ओळीने येत त्याच्यापर्यंत पोचले. आवाज नेहमीचाच.

"गाव?"

"धाड."

"आजोळ?"

"तेही धाडच."

"सासुरवाडी?"

"चिखली."

"विहीर कोन्या अंगाले?"

"उगवतीले. काठावर तुळस हाये. आता तिले पानी कोन घालते, कमल विचारत होती."



"घरचं कोन उभं राह्यते?" काकांनी विचारलं.

त्या घरात दुसरं होतंच कोण! मागून कुणीतरी म्हणालं, "काका, तुमीच म्हना ना." काकांचा उजवा हात थोडा उचलला गेला. समोर त्यांचे भाऊबंद बसले होते. तो हात गळ्यातल्या शिट्टीवर गेला.

"पंच कोनाचा नसते," ते म्हणाले. "साक्ष नाही. धाडकून खेळ."

सुधाकर पलीकडे गेला. धाडचा एकमेव गोल त्यानेच केला, आणि काकांनी तो दिला. सामना संपल्यावर त्यांनी शिट्टी गळ्यातून कायमची काढून ठेवली. "मले आता नीट दिसत नाही," म्हणाले. आमच्या अंगणातून ते समोरच्या झाडावरचे पोपट मोजून दाखवत, तेव्हाची ही गोष्ट.

त्या थंडीत मी मिरच्या घ्यायला धाडच्या बाजाराला गेले होते. मैदानावर सामना चालला होता आणि पांगाऱ्याच्या खांबाच्या सावलीत गणपतकाका उभे होते. पाला त्यांच्या टोपीला लागत होता. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "पाव्हनं, तुमी कोनाकून?"

"कोनाकूनच नाही."

तेवढ्यात सुधाकर चेंडू घेऊन समोरून पळत गेला. काकांनी हवेतच, कुणाच्या तरी पाठीवर ठेवावा तसा, हात पुढे केला.

"तो डावीकडला," ते हळूच म्हणाले. "हा आमचा."

म्हातारा म्हणाला, "असं का," आणि विडी पेटवू लागला.

मग काकांनी मला पाहिलं. "सूनबाई, चिखलीत बोलू नका."

"कमलला भेटलात?"

"मॅच संपू द्या."

पण मॅच संपायच्या आत ते एस.टी.त जाऊन बसले. त्या रस्त्याचा कंडक्टर सांगे की ते दर बाजाराला येतात आणि दर वेळी असेच लवकर परततात. कमलचं घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथवर ते कधीच गेले नाहीत. ते वारले तेव्हा कमल आली. भाऊबंद ओट्यावर बसले होते. ती त्यांच्यामधून थेट विहिरीकडे गेली आणि आधी तुळशीला पाणी घातलं. तुळस हिरवीगार होती.

चिखलीच्या त्या मैदानावर आता दुकानांचे गाळे आहेत. काकांची विहीर बुजवली. कमल आणि सुधाकर धाडलाच असतात. तो पांगाऱ्याचा खांबही आहे. त्याला अजून पाला फुटतो, आणि तो कुणी तोडत नाही.