जर्मनीमार्गे अनुराधापूर

"व्हीपीएन घेतल्याशिवाय मी श्रीलंकेला येणार नाही," असं कारभारींनी सकाळच्या चहाला जाहीर केलं, तेव्हा शकुबाई प्रवासासाठी चिवडा परतत होत्या. त्यांनी गॅस बारीक केला आणि ते हातातल्या बॅगेत न्यायचं की मोठ्या, एवढंच विचारलं.

व्हीपीएन ही बॅगेत न्यायची वस्तू नसून मोबाइलमधली सोय आहे, ती चालू केली की आपण कुठे आहोत ते कुणालाच कळत नाही, असं कारभारींनी समजावलं. हे ज्ञान त्यांना पहाटे एका व्हिडिओतून मिळालं होतं. परदेशातल्या हॉटेलच्या वायफायवरून चोर थेट खिशातल्या मोबाइलमध्ये शिरतात, असं त्यातला माणूस म्हणाला होता. चोर मोबाइलमध्ये शिरण्याचं कारभारींना फारसं वाटलं नाही. आपण श्रीलंकेत आहोत हे कळल्यावर तो नाशिकरोडच्या बंद घरात शिरेल, या विचारानं मात्र त्यांचा चहा निवला.

कारभारींची सारी नोकरी ओझरला, कारखान्याच्या स्टोअरच्या किल्ल्या सांभाळण्यात गेली होती. निवृत्त होताना त्यांनी किल्ल्या परत केल्या, सवय घरी आणली. कुलूप लावलं की ते ओढून पाहायचे, जिना उतरायचे आणि पुन्हा वर येऊन ओढून पाहायचे. अशा माणसाला घर बंद करून आठवडाभर परदेशी न्यायचं म्हणजे खायचं काम नव्हतं.

अनुराधापूरचा बोधिवृक्ष एकदा डोळ्यांनी बघायचा, ही शकुबाईंची लग्नाआधीपासूनची इच्छा. संघमित्रेनं मूळ बोधिवृक्षाची फांदी समुद्रापार श्रीलंकेत कशी नेली ते विहारात सांगताना त्यांचा आवाज अजूनही कापरा व्हायचा. पण पहिल्यांदा ठरलं तेव्हा पाण्याची टाकी गळत होती म्हणून जाणं राहिलं, आणि पुढच्या वर्षी जिन्यात मांजर व्यालं म्हणून. यंदा लेकीनं, साक्षीनं, पुण्याहून परस्पर तिकिटं काढली. तेव्हा कारभारींनी एकच अट घातली, की कॉलनीत कुणाला कळता कामा नये. शकुबाईंनी मान डोलावली होती. एवढी आनंदाची गोष्ट पोटात ठेवून रोज विहारात बसायचं किती अवघड, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आणि आता निघायच्या तोंडावर हा व्हीपीएन आडवा आला. शकुबाईंना त्यात टाकी आणि मांजर दोन्ही दिसली. चिवड्यात मीठ जरा जास्त पडलं.

कारभारींनी आधी साक्षीला फोन लावला. ती कंप्युटरच्या कंपनीत, तेव्हा उत्तर घरचंच होतं.

"पप्पा, मोबाइलचा डेटा घेतलाय ना आपण? मग हॉटेलचं वायफाय लागतंच कशाला? त्याच्यावर बँकेचं काही उघडू नका, झालं. घ्यायचाच असेल तर चांगला, विकतचा घ्या. फुकटातला अजिबात नको. पण खरं सांगू का, तुम्हाला गरजच नाही."

इतकं सरळ उत्तर फुकटात मिळाल्यामुळे कारभारींचा त्यावर विश्वास बसला नाही. ते शेजारच्या धम्मपाल मास्तरांकडे गेले. मास्तर आयटीआयमध्ये शिकवत. प्रवासात व्हीपीएन लागतो का हे विचारायचं, तर आधी प्रवास आहे हे सांगावं लागतं, ही अडचण कारभारींच्या लक्षात आली ती मास्तरांच्या दारात उभं राहिल्यावर.

"जयभीम मास्तर. माझा एक मित्र श्रीलंकेला चाललाय," त्यांनी सुरुवात केली.

मास्तरांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. मित्र कधी निघणार, किती दिवसांसाठी, सोबत कोण, असं सगळं विचारलं. कारभारींनी सगळं बिनचूक सांगितलं. मग मास्तरांनी व्हीपीएन लागेलही आणि लागणारही नाही, असा निकाल देऊन द्वारका चौकातल्या बंटी मोबाइलवाल्याचं नाव सुचवलं. दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा म्हणाले, "तुमच्या मित्राला सांगा, मोगऱ्याला पाणी मी घालीन. कुंड्या जिन्यातच आहेत, किल्ली नको."

कारभारी हो म्हणून निघाले आणि पार रिक्षात बसल्यावर दचकले.

बंटीच्या दुकानात गर्दी होती. त्यानं पाच मिनिटांत मोबाइलमध्ये एक फुकटातला व्हीपीएन टाकला आणि विचारलं, "काका, कुठल्या देशात ठेवू तुम्हाला?"

असं निवडायला मिळतं हे कारभारींना माहीत नव्हतं. स्टोअरमध्ये एक जर्मन तिजोरी होती, तिचं कुलूप उभ्या नोकरीत कुणाला चावीशिवाय उघडता आलं नव्हतं. त्यांनी जर्मनी सांगितलं. जाता जाता बंटीनं विचारलं, "फिरायला कुठं चाललात?" रांगेतली माणसंही उत्तराची वाट बघू लागली. "जर्मनीला," कारभारी म्हणाले आणि स्वतःवरच खूश झाले.

घरी येईपर्यंत मोबाइलवर जाड कोटांच्या परदेशी जाहिराती सुरू झाल्या होत्या. काम चोख झालं होतं. आता पैसे सुखरूप आहेत ना, एवढं बघावं म्हणून त्यांनी बँकेचं अॅप उघडलं, आणि अॅपनं त्यांना बाहेर काढलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बाहेर. थोड्याच वेळात बँकेतून फोन आला.

"सर, तुमच्या खात्यात जर्मनीहून कोणीतरी शिरायचा प्रयत्न करतंय. तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"ते मी फोनवर सांगत नसतो."

"तुम्ही जर्मनीत आहात का?"

कारभारी विचारात पडले. हो म्हणावं तर खोटं, आणि नाही म्हणावं तर व्हीपीएनचा उपयोग काय? "असेनही," ते म्हणाले.

बँकेनं त्याच मिनिटाला खातं आणि कार्ड दोन्ही बंद केलं. कार्डाशिवाय श्रीलंकेत पाणीसुद्धा मिळालं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी कारभारी दारात हजर. काउंटरवरच्या स्नेहल मॅडम भल्या होत्या. खातं लगेच सुरू करते म्हणाल्या, फक्त परदेशी कुठे आणि कधी जाणार ते विचारलं. कारभारींनी काचेला तोंड लावून हळूच सांगितलं.

"काचेतून ऐकू येत नाही, काका. जोरात बोला."

त्यांनी थोडं जोरात सांगितलं. मॅडमनी कानामागे हात धरला. मागची रांग चुळबुळू लागली. कालपासूनचा सगळा ताप एकदम उसळून आला आणि कारभारी ओरडले, "अहो, मंगळवारी घर बंद करून मी आणि आमची मंडळी आठ दिवस श्रीलंकेला चाललोय!"

सगळी बँक वळून बघू लागली. रांगेत महिला मंडळाच्या रंगूबाई उभ्या होत्या. त्यांनी जागेवरूनच हात जोडले. "शकूताईला सांगा भाऊ, बोधिवृक्षाचं एक पान मिळालं तर माझ्यासाठी आणा म्हणावं."

कारभारी घरी आले ते हातपाय गाळून. व्हीपीएन काढून टाकला, आणि शकुबाईंना सांगितलं की आता सगळ्या गावाला कळलंय, तेव्हा घर वाऱ्यावर सोडता येणार नाही. यात्रा पुढच्या वर्षी.

शकुबाई बॅगेची चेन लावत होत्या. त्यांचा हात थांबला. क्षणभर वाटलं, त्या आता रडतील. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं. कोपऱ्यावरून तेवढं दूध घेऊन या."

कोपऱ्यावर विजेच्या दोन खांबांमध्ये कॉलनीची पोरं नवाकोरा फ्लेक्स बांधून नुकतीच गेली होती. त्यावर पांढऱ्या साडीतल्या शकुबाई हसत होत्या आणि शेजारी निवृत्तीच्या दिवशीचे हारातले कारभारी. खाली ठळक अक्षरांत, श्रीलंका धम्मयात्रेस निघालेल्या या दांपत्यास मंगलकामना, जाण्याची तारीख, येण्याची तारीख, आणि समस्त तक्षशिला कॉलनी.

कारभारी दूध न घेताच परतले. "हा फोटो कपाटातला आहे," ते म्हणाले. "कुणी दिला?"

"मीच. मागच्या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यात? म्हणजे मास्तरांना काल..."

"मजकूर त्यांनीच लिहून दिलाय."

"अगं पण का?"

शकुबाईंनी बॅग दाराशी नेऊन ठेवली. "टाकी गळली तेव्हा कुणाला माहीत नव्हतं आपण चाललोय ते. मांजर व्यालं तेव्हापण नव्हतं. म्हणून तुम्हाला घरी राहता आलं. आता फ्लेक्स लागलाय. घरी राहिलात तर आठ दिवस त्याच्याखालनं दूध आणायला जाल का?"

कारभारींनी ते चित्र डोळ्यांपुढे आणून पाहिलं. मग दुधाची किटली उचलली आणि पुन्हा बाहेर पडले.

मंगळवारी पहाटे टॅक्सी आली. मास्तर, रंगूबाई आणि अर्धी कॉलनी पोचवायला दारात उभी होती, आणि आठ दिवस आळीपाळीनं त्याच दाराकडे बघणार होती. कारभारींनी कुलूप लावलं, एकदाच ओढलं आणि जिना उतरले. शकुबाईंना वाटलं, माणूस सुधारला. टॅक्सी कोपऱ्यावर आली तशी कारभारींनी ती थांबवायला लावली, खाली उतरले, आणि फ्लेक्सची दोरी दोन्ही खांबांना घट्ट आहे ना, ते ओढून ओढून पाहून आले.