अनंतरावांचा शेर आणि जावयाचे अनारसे

अख्ख्या पूर्णा नदीचं पाणी मोजणाऱ्या माणसाला घरातलं पीठ मोजता येणार नाही, असं कुणी म्हणालं तर ते पटेल का? अनंतरावांना तर मुळीच पटलं नसतं! येलदरीच्या धरणावर ते पाणी मोजणारे कारकून. धरणात आज किती पाणी आलं, किती सोडलं, हा आकडा सकाळी वर कळवायचा आणि मग सगळी पूर्णा आपणच घागरीनं भरल्यासारखं दमून चहा प्यायचा, हा त्यांचा शिरस्ता.

अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा होता आणि धोंड्याचा महिना लागला होता. लेक सुमंगला गंगाखेडला दिल्याला जेमतेम वर्ष झालेलं. म्हणजे जावयाचा हा पहिलाच अधिक महिना. तेहतीस अनारशांचं वाण द्यायलाच हवं! नुसते जावई दत्तराव येणार असते तर प्रश्न नव्हता. गरीब माणूस, ताटात पडेल ते खायचा. पण सोबत त्यांच्या आई, विहीण कमलबाई येणार होत्या. त्यांच्या थोरल्या सुनेच्या माहेराहून मागच्या धोंड्याला बाजारचे अनारसे आले होते. त्या बिचारीला त्यावरून अजून रोज ऐकावं लागत होतं.

"आई, तेवढे घरचेच कर गं. अन् नीट कर," सुमंगला रडकुंडीला येऊन सांगून गेली होती. तेव्हापासून तिच्या आईच्या, लीलाबाईंच्या, डोळ्याला डोळा नव्हता. लेकीचं सासर म्हणजे जन्माचं ऐकणं!

प्रमाण त्यांना आईकडून पाठ होतं. शेरभर पिठाला मापटंभर गूळ. मापटं म्हणजे अर्धा शेर. पण ती मापं राहिली झरीला, आईच्या कोठीत. घरात सगळा स्टीलचा संसार.

"कुणाला तरी झरीला धाडा, आईचा शेर घेऊन येईल," लीलाबाई म्हणाल्या.

"शेर? अगं, जग लिटरवर गेलं! शेजारच्या बायनाबाईंचा शेर घटकाभर मागून आण. मी त्याचे लिटर करून देतो. एकदा केलं की जन्माची कटकट गेली!"

बायनाबाई शेर घेऊन स्वतःच आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "लवकर करा भाऊ. गड्यांना जवारी मोजून द्यायचीय."

अनंतरावांनी ऑफिसातून काचेची मोजनळी आणली होती. शेर पाण्यानं काठोकाठ भरला, डोळा पाण्याच्या रेषेत आणला, श्वास रोखला. मग पाणी नळीत ओतून आकडा जाहीर केला, "लिटरला पन्नास मिलिलिटर कमी!"

"आता शेर घरात आलाच हाय तर त्यानंच मोजते की पीठ," लीलाबाई म्हणाल्या.

"ओला झालाय तो. आणि आता गरजच काय?"

बायनाबाई ओला शेर पदरानं पुसत गेल्या. अनंतरावांनी दुधाच्या लिटरच्या मापानं पीठ घेतलं, वर आलेलं पीठ फुटपट्टीनं झाडून सपाट केलं, त्यातून पन्नास मिलिलिटर चमच्यानं काढलं. गूळ किसून दाबून घेतला, तोही नळीच्या हिशोबानं.

"आई असं पट्टीबिट्टी न्हाई लावत," लीलाबाई चाचरत म्हणाल्या.

"आईंकडं पट्टी आहे का?"

पिठाचे गोळे डब्यात मुरायला गेले.

पाहुणे येण्याच्या दिवशी सकाळीच लीलाबाईंनी कढई चढवली. खसखशीवर पहिला अनारसा थापला आणि अलगद तुपात सोडला. तो क्षणभर तरंगला. मग हसला! अनारसा तुपात विरघळून पसरला की बायका त्याला हसला म्हणतात. लीलाबाईंना मात्र रडू फुटलं. दुसराही हसला. तिसरा तर खो खो हसला आणि कढईभर झाला.

"गूळ जादा झाला वो! मी म्हणत होते!"

"गूळ जादा होणं शक्य नाही. तूप जास्त तापलंय. फार तर... थोडा रवा घाल. एक वाटी."

"कंची वाटी? आमटीची का चटणीची?"

"वाटी म्हणजे वाटी!"

लीलाबाईंनी घाईत आमटीची घेतली. आता अनारसे हसेनात, पण असे बसले की एक खाली पडला तर फरशीचा टवका उडाला. अनंतरावांनी हिशोब केला आणि कपभर दूध सांगितलं. कप होता पाहुण्यांसाठी बायनाबाईंकडून आणलेला, तांब्याएवढा! पीठ सरबरीत झालं. मग तांदळाचं कोरडं पीठ. मग पुन्हा गूळ, कारण गोडीच गेली. परात भरली, दुसरी घेतली. शेवटचा घाणाही कढईत मोकळा झाला. झाऱ्यानं काढकाढून पातेलंभर खमंग, तांबूस चुरा जमला. अनारसा म्हणावा असा एकही नाही!

तेवढ्यात दारात आवाज आला, "हायेत का घरी विहीणबाई?"

कमलबाई थेट स्वयंपाकघरातच आल्या. मागे सुमंगला, तिच्यामागे दत्तराव. कमलबाईंनी पातेलं पाहिलं. सुमंगलानं डोळे मिटून घेतले.

"हे काय म्हनायचं?"

"अनारसेच आहेत," अनंतराव म्हणाले. "फक्त... सुट्टे आहेत."

"आन वाणाला तेहतीस कसे मोजावं?"

मोजायचं म्हटल्यावर अनंतरावांना एकदम धीर आला. "सोपं आहे! एक अनारसा म्हणजे अंदाजे दोन चमचे चुरा. तेहतीस दुणे सहासष्ट चमचे!"

कमलबाईंनी चमचा हातात घेऊन उलटासुलटा केला. "चमचा शिगोशीग धरायचा का सपाट?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय, इवाई? शीग लावली तर दीडपट बसतं की! आमच्याकडं तर शेर बी शिगेचाच असतो. वर डोंगर उभा ऱ्हायला तवा कुठं शेर भरतो."

लीलाबाई सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "अवो, तुमी शेर कशानं मोजला होता?"

"पाण्यानं," अनंतराव पुटपुटले.

"पाण्याला शीग लागती का?"

अनंतरावांच्या डोळ्यांपुढे फुटपट्टीनं झाडलेलं ते सगळं पीठ उभं राहिलं. पीठच कमी पडलं होतं, म्हणून गूळ जादा झाला होता! लीलाबाईंनी घाबरत घाबरत विहिणीकडे पाहिलं. आता बाजारच्या अनारशांसारखंच हेही जन्मभर निघणार!

कमलबाईंनी चिमूटभर चुरा तोंडात टाकला. चावला. आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"विहीणबाई, तुमच्याकडं बी मोजायला हेच व्हय? आमच्याकडं बी तीच तऱ्हा! आमचे हे काट्यावर उसाच्या गाड्या मोजतेत. दिवाळीला चिवड्याचं मीठ मी मोजतो म्हनले. कुत्र्यानं बी तोंड लावलं न्हाई!" त्या लीलाबाईंशेजारी खालीच बसल्या. "चव लय फक्कड हाय. घरचं ते घरचं. सुमे, बस की, उभी कामून?"

लीलाबाईंना इतकं मोकळं वाटलं की त्यांनाही हसू आवरेना. सुमंगला तर दोघींच्या मध्येच बसली. बोलण्यात रवा निघाला, फरशीचा टवका निघाला, चिवडा पुन्हा निघाला.

वाण तर व्हायलाच हवं होतं. दत्तराव मुकाट पाटावर बसले. अनंतराव ताटात एकेक चमचा शिगोशीग टाकत मनातल्या मनात मोजत होते. पस्तीस, छत्तीस...

"अवो, पन्नास मिलिलिटर काढायचं विसरू नका!" लीलाबाई म्हणाल्या, आणि तिघी पुन्हा फुटल्या.

अनंतरावांचा चमचा हवेत थांबला. सदतीस की अडतीस? त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयानं मान हलवली, त्यालाही माहीत नव्हतं. मग त्यांनी ताट उचललं, सगळा चुरा परत पातेल्यात ओतला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.