मानूकडे द्या

मलप्पुरमच्या सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉल स्पर्धेच्या सेमीफायनलआधी आमच्या न्यू स्टार क्लबचे सेक्रेटरी सैदलवी यांनी कमिटीपुढे लॅपटॉप उघडला. त्यावर सात ठिपके होते आणि ठिपक्यांमध्ये जाड-बारीक रेघांचं जाळं.

"कोण कोणाला पास देतो, ते आहे हे," सैदलवी म्हणाले. "सगळ्या जाड रेघा मानूकडे जातात. जिंकायचं तर बॉल मानूला द्या. हरलो तर राजीनामा देतो."

घरात त्यांना कुणी विचारत नसे, त्यामुळे या पदावर त्यांचा फार जीव होता.

"पास मोजले कधी, इक्का?" मॅनेजर हंसानं विचारलं. सैदलवींना सगळे इक्का, म्हणजे दादा, म्हणत. "मॅचभर तर तुम्ही पाहुण्यांना सुलैमानी चहा पाजत फिरता."

"लाउडस्पीकरवरची कॉमेंटरी रेकॉर्ड केली, त्यातली नावं मोजली. डोकं लागतं त्याला."

आमचा स्ट्रायकर मानू लाजला. त्याच्यापर्यंत बॉल पोचल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण लॅपटॉपशी वाद कोण घालणार?

आमच्या कमिटीत गुपित टिकत नाही. मॅचमध्ये समोरच्या टीमनं तीन माणसं मानूला चिकटवली. मानू त्यांच्याशी गप्पा मारत उभा राहिला, बाकी मैदान मोकळं पडलं आणि आम्ही चक्क दोन गोल केले.

तेवढ्यात लाउडस्पीकर ओरडला, "मानूनं अडवला!" बॉल अडवला होता गोलकीपर मुनीरनं. कॉमेंटरीवाला त्याच्याच गल्लीतला, त्याला मानू या घरच्या नावानंच हाक मारायचा. सैदलवींच्या डोक्यात प्रकाश पडला. घाबरलं की बॉल मागे गोलकीपरकडे ढकलायचा, हाच तर आमचा खेळ. लॅपटॉपच्या जाळ्यातला मानू म्हणजे मुनीर होता.

जिंकल्यावर सैदलवींच्या गळ्यात हार पडला. खरं ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. पण कॉमेंटरीवाला पोरोटा खाता खाता म्हणाला, "इक्का, माझ्या कॉमेंटरीतला मानू म्हणजे आमचा मुनीर. त्याची कदर केलीत, बरं वाटलं."

मुनीर उठला. "म्हणजे टीमचा जीव मी? मग फायनलला मी पुढे खेळणार. नाहीतर येतच नाही."

"लॅपटॉप म्हणतोय तर खेळू दे," कमिटी म्हणाली.

लॅपटॉप चुकला म्हणावं, तर पद जात होतं. सैदलवींनी मान डोलावली.

"मग गोलात कोण?" हंसानं विचारलं आणि सैदलवींच्या पोटाकडे पाहिलं. "कॉलेजात मी भिंत होतो, असं तुम्हीच सांगता ना, इक्का?"

फायनलला सैदलवी हातमोजे घालून गोलात उभे राहिले. शिट्टी झाली. समोरचे धावून आले, आमचे घाबरले आणि सवयीनं त्यांनी बॉल मागे ढकलला. मग पुन्हा ढकलला. आपलं जाळं अगदी बरोबर होतं, हे सैदलवींना तेव्हा पटलं. सगळ्या जाड रेघा त्यांच्याच अंगावर येत होत्या.