घोट्यावरचा अंगठा

आमच्या कॉलनीतले मधुभाऊ कुणीही भेटलं की आधी वाकून पाया पडतात. समोरचा माणूस ऐंशीचा असो की अठराचा. अमरावतीतल्या निम्म्या आज्या त्यांचा दाखला देऊन नातवांना झापतात, एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण संस्कार बघा! आज्यांना काय माहीत, मधुभाऊ पाया पडत नाहीत, पाय तपासतात. घोट्यावर अंगठा दाबायचा आणि खड्डा पडतो का बघायचं. पडला, की त्यांना किडनीचा संशय.

"चेहऱ्याले पावडर लावता येते वहिनी, घोट्याले नाही," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. वाढदिवसाला बोलवावं तर म्हणतात, केक कापा, पण वय किडनीले इचारा.

किडनीच्या पेशी म्हाताऱ्या कशा होतात, हे शोधण्यात त्यांची हयात गेली. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत पेशी वाढवतात, त्यांना वेळेवर खाऊ घालतात आणि स्वतः भरदुपारी माझ्या दारात येऊन विचारतात, भाकर उरली काय? एकटा जीव. एकदा आम्हाला समजावून सांगत होते, की म्हातारी पेशी काम करत नाही, मरतही नाही, नुसती बसून राहते आणि आजूबाजूच्या चांगल्या पेशींना बिघडवते. मी म्हटलं, कळलं, आमच्या ह्यांचा निंबाखालचा कट्टा! हे तेव्हापासून मधुभाऊंवर रुसलेलेच आहेत, माझ्यावर रुसायची सोय नाही म्हणून.

तर आमच्या लेकीला, प्रणालीला बघायला अकोल्याचे पाहुणे यायचे होते. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होते, फक्त मुलाच्या वडिलांनी, रामभाऊंनी, हो म्हणायचं बाकी होतं. रामभाऊंचं बियाण्यांचं दुकान आणि कडक स्वभाव, दोन्ही अकोल्यात नामांकित. आपल्या बाजूनं एक विद्वान माणूस असावा म्हणून मी हौसेनं मधुभाऊंना बोलावलं. विनाशकाले विपरीत बुद्धी.

रामभाऊ टेकले न टेकले तोच मधुभाऊ वाकले. रामभाऊ खूश. असू द्या, असू द्या म्हणाले, डोक्यावर हातही ठेवला. मधुभाऊ उठेनात. अंगठा घोट्यावर पोचला होता. प्रणाली पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि नेमकं तेव्हाच मधुभाऊंनी खालूनच विचारलं, "लघवीले फेस येते काय?"

रामभाऊ लालबुंद झाले. आमी पोरगी पाहाले आलो, दाखवाले नाही, एवढंच बोलून त्यांनी बूट चढवले. जाताना कळवतो म्हणाले. आमच्याकडे 'कळवतो' म्हणजे नाही. प्रणालीनं खोलीचं दार लावून घेतलं. मी मधुभाऊंना नाही नाही ते बोलले आणि भाकरही बंद केली. ते मान खाली घालून एवढंच म्हणाले, "किडनी मुकी हाय वहिनी. दुखत नाही, सांगत नाही. कोणीतरी इचाराच लागते."

त्यानंतर प्रणाली माझ्याशी धड बोलत नव्हती. एका सकाळी रामभाऊंचाच फोन आला. चिडून का होईना, त्यांनी तपासणी करून घेतली होती. किडनीला त्रास सुरू झालेला, पण वेळेत कळलं, गोळ्या आणि पथ्यावर भागणार होतं. "पोरगी पसंत हाय," ते म्हणाले, "पण थो डाक्टर लग्नात पायजे. नाहीतर वरात येत नाही."

लग्नात मधुभाऊंची चंगळ. अख्खी वरात मोजे काढून रांगेत बसलेली, मांडवात उदबत्तीचाही वास येईना. सगळ्यांचे पाय तपासून झाल्यावर रामभाऊंनी मधुभाऊंना खुर्चीत बसवलं आणि स्वतः सतरंजीवर बसून म्हणाले, "तुमचे पाय कोण पायते, डाक्टर?" मधुभाऊ पाय मागे घ्यायला लागले, पण रामभाऊंनी अंगठा दाबलाच. खड्डा पडला नाही. पाय ठणठणीत होते. मधुभाऊंचे डोळे मात्र भरून आले.

"आमची ही गेल्यापासून माह्या पायाले कोणी हात लावला नोता, वहिनी," ते हळूच मला म्हणाले.

मला रडू आवरेना. मी प्रणालीला हाक मारली. म्हटलं, आधी मधुभाऊंच्या पाया पड, मग बाकीच्यांच्या. आणि लगेच उठू नकोस.