येथे नंबर मागू नयेत

आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत प्रत्येकाच्या फाटकावर घरमालकाचं नाव आहे. देवरावजी मेश्रामांच्या फाटकावर नाव नाही, दोन पाट्या आहेत. पहिली, ‘कुत्र्यापासून सावध’. कुत्रा नाही. दुसरी त्यांच्याच सुवाच्य कारकुनी अक्षरात : ‘या घरातील माणसांचे नंबर मागू नयेत. हुकमावरून.’ हुकूम कुणाचा, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, घरमालकाचा, आणि त्याचंही नाव विचारू नका.

नंबर म्हणजे आधार कार्डाचा. सगळा देश बोटं टेकवून आणि डोळे वटारून मोकळा झाला, देवरावजी तेवढे राहिले. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी, आणि स्वभावानं नेमका उलटा. माझ्या पाकिटात नोटांपेक्षा आधारच्या झेरॉक्स जास्त असतात. कुणी वेळ विचारली तरी सवयीनं एक प्रत काढून द्यायचो. त्यामुळे रोज सकाळी दात घासता घासता कुंपणावरून आमचा वाद ठरलेला असे.

गंमत अशी, की या माणसाची सगळी नोकरी तहसील कचेरीत लोकांकडे कागद मागण्यात गेली. दाखला जोडला नाही म्हणून त्यांनी परत पाठवलेली माणसं आजही बाजारात त्यांना पाहून रस्ता बदलतात. निवृत्तीचा नारळ हातात पडला आणि हेच गृहस्थ नागरिकांच्या खासगीपणाचे कैवारी झाले. बोलण्याची सुरुवात ‘माझी हरकत आहे’ अशी. वरणात मीठ कमी पडलं तरी हरकत नोंदवूनच जेवतात.

एकदा मी त्यांना पेचात पकडलं, असं मला वाटलं. लपवण्यासारखं काही नसेल तर कार्ड काढायला माणसानं भ्यावं कशाला, असं मी विचारलं.

“लपवाचं काही नाही, म्हणून मोरीचं दार काढून ठेवता का गा, प्रमोदभाऊ?”

मी चूळ भरून घरात गेलो.

तत्त्वापायी त्यांनी सोसलंही पुष्कळ. मोबाइल नाही. गॅसची सबसिडी गेली, तर ती देशासाठी सोडली असं वर्षभर सांगत फिरले. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातात तेव्हा साहेबापुढे छाती काढून उभे राहतात आणि म्हणतात, मूळ प्रत हजर आहे, तपासून घ्या. रामटेकला एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो होतो. लॉजच्या मॅनेजरनं ओळखपत्र मागितलं, तर यांनी उलट त्याचंच मागितलं. बराच वेळ दोघंही एकमेकांना संशयित समजत राहिले. शेवटी मी माझी झेरॉक्स पुढे केली आणि रजिस्टरात माझ्या नावापुढे ‘सोबत एक’ अशी देवरावजींची नोंद झाली. त्या नोंदीवर ते बेहद्द खूश होते.

घरात माणसं दोनच. देवरावजी आणि त्यांची धाकटी बहीण शेवंताबाई. तिला सगळी गल्ली आत्या म्हणते. दोघांनीही लग्न केलं नाही. आत्या बोलते कमी, आणि अनोळखी माणूस फाटकाशी दिसला की आतल्या खोलीत जाते. अलीकडे तिला ओळखीचाही दिसेनासा झाला होता. एका सकाळी मी नवा हिरवा सदरा घालून उभा होतो, तर तिनं मला पालकाचा भाव विचारला. चहात मीठ पडू लागलं. देवरावजी तो चहा हरकत न नोंदवता प्यायचे, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मोतीबिंदू पिकला होता. आता उशीर केला तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. धर्मादाय दवाखान्यात कार्ड मागितलं. पैसे भरतो म्हणून देवरावजी खासगीत गेले, तिथंही काउंटरवर पहिला प्रश्न तोच. ते तिला तशीच घरी घेऊन आले.

मग मात्र माझं डोकं फिरलं. तुमच्या तत्त्वापायी ती म्हातारी आंधळी होईल, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो. मला वाटलं होतं, आता भाषण होईल. ते ओट्यावर बसले. आत्या आत असल्याची खात्री करून घेतली.

“ते माह्या मायच्या पोटची नाही,” ते हळू म्हणाले. “दसऱ्याले दीक्षाभूमीच्या गर्दीत सापडली बापाले. नुसतं शेवंता सांगे, बापाचं नाव सांगता येत नोहोतं. लाउडस्पीकरवरून पुकारलं. लोक पांगले तरी बाप तिले कडेवर घेऊन उभाच. कोणी आलं नाही.”

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. घरी तिला कुणी परकं म्हटलं नाही. पण शाळेत मास्तरांनी सगळ्या पोरांपुढे, तुझं खरं नाव काय, असं विचारलं, त्या दिवसापासून तिनं शाळा सोडली. शिरगणतीवाला आला की मागच्या दारानं निघून जायची.

“कागद नसलेल्या माणसाले काय काय इचारतात, मले माहीत आहे. मीच इचारत होतो ना गा. मी कार्ड काढलं अन् तिचं नसतं निघालं, तर घरात दोन परकारची माणसं झाली असती. म्हणून म्हटलं, कोणाचंच नको.”

इतकी वर्षं मी ज्या माणसाशी घटना, कायदा आणि राष्ट्रहित यांवर भांडत होतो, त्याचा मुद्दा एवढाच होता. मला फार वाईट वाटलं.

कागद नसले तरी नगरसेवकाच्या पत्रावर कार्ड निघतं, असं मी त्यांना पटवलं. ते पत्र मीच आणलं आणि बेसाच्या आधार केंद्रावर आम्ही तिघं गेलो. आधी देवरावजी बसले. त्यांनी निमूटपणे दहाही बोटं दिली. मग आत्या. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. यंत्रापुढच्या मुलीनं नाव विचारलं. आत्यानं सांगितलं. मग मुलीनं वडिलांचं नाव विचारलं आणि आत्याची मान खाली गेली.

“लहानू मेश्राम,” देवरावजी म्हणाले. आणि मुलीनं न विचारताच पुढे म्हणाले, “सख्खी बहीण आहे माही.”

सरकारला काहीही सांगायचं नाही म्हणून निवृत्तीपासून अडून बसलेल्या माणसानं सरकारला पहिल्याच दिवशी खोटं सांगितलं. तेही खणखणीत आवाजात.

पावती निघाली. नाव बरोबर आहे का बघून घ्या, असं मुलीनं सांगितलं. आत्याला दिसत नव्हतं. तिनं कागद माझ्या हातात दिला.

“शेवंता लहानू मेश्राम,” मी वाचलं.

“अजून एकडाव वाच ना बाबू.”

देवरावजी आमच्याकडे पाठ करून भिंतीवरचं दरपत्रक वाचत उभे होते. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं. मी पुन्हा वाचलं, या वेळी जरा मोठ्यानं, म्हणजे त्यांनाही ऐकू जावं.