कोरड्या डोळ्यांची सून

लोसालिनेच्या सासूबाई, विका, मंगळवारी सकाळी वारल्या आणि दुपारपर्यंत बेटावरच्या अख्ख्या लेइमातुआ गावाला कळलं, की सून रडली नाही.

रडू येत नव्हतं असं नाही. आतून उमाळे फुटत होते, पण डोळ्यांतून थेंब पडत नव्हता. दोन वर्षांपासून तिच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, तोंडाला कोरड पडायची, सकाळी बोटं आखडायची. राजधानीच्या, नुकुआलोफाच्या डॉक्टरांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवली, ती कोरडीच निघाली. मग रक्त तपासून त्यांनी ‘शोग्रेन’ असं आजाराचं नाव सांगितलं. ते नवऱ्याला, तानीएलाला, नीट उच्चारता येईना, म्हणून दोघांनी ते गावात कुणाला सांगितलंच नाही.

बुधवारी ऑकलंडहून नणंद उतरली. उनालोतो. दारातच हंबरडा फोडून ती आईच्या पायांवर कोसळली, आणि उठता उठता तिने भावजयीचा चेहरा निरखून घेतला.

“वहिनी, तुझे डोळे तर ठणठणीत कोरडे!”

“हो. मला त्रास आहे त्याचा.”

“त्रास? माझी आई गेली, आणि त्रास तुला?”

लोसालिने सुतकात कमरेला गुंडाळायची चटई सावरत मागच्या अंगणात गेली. तिथे जमिनीतल्या भट्टीत डुक्कर आणि कोनफळं भाजायला लावली होती. धुराने चारही आचारी घळाघळा रडत होते. त्यांच्यामध्ये लोसालिने उभी, डोळे लालबुंद आणि कोरडे. उनालोतो मागोमाग आलीच होती.

“बघा! धुरानंसुद्धा हिला पाझर फुटत नाही!”

प्रार्थनेच्या आधी डोळे फारच चुरचुरले, म्हणून लोसालिनेने पाण्याच्या टाकीमागे जाऊन औषधाचे थेंब घातले. त्यातला एक गालावरून ओघळला. तशीच ती आत आली आणि बायकांनी तिला मिठ्या मारल्या. “रडली गं बाई एकदाची!” कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात मिठी मारता मारता उनालोतोच्या हाताला तिच्या खिशातली बाटली लागली आणि तिने ती बाहेर काढली.

“‘कृत्रिम अश्रू’,” तिने लेबल खणखणीत आवाजात वाचलं. “म्हणजे माझ्या आईसाठी ही दुकानातून रडू विकत घेऊन आलीय!”

बातमी भट्टीपाशी पोचेपर्यंत त्या बाटलीत समुद्राचं पाणी होतं. चर्चच्या कुंपणापाशी ती सिनेमातल्या नट्यांची बाटली झाली. शेवटी पाद्रीबाबा आले आणि हळूच म्हणाले, “पोरी, तू आज मागेच बस. उद्या सगळ्यांची माफी माग, म्हणजे विषय मिटेल.”

लोसालिने शाळेत शिकवायची. तिने बाटली नणंदेच्या हातून काढून घेतली आणि थेट मयतासमोर जाऊन उभी राहिली.

“मी मागे बसणार नाही आणि माफीही मागणार नाही. ऐका सगळे. प्रत्येकाच्या अंगात राखणदार असतात. बाहेरचा रोग आला की ते त्याला झोडपतात. माझे राखणदार बिथरलेत. ते घरच्यांनाच झोडपतात. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या, तोंडात लाळ आणणाऱ्या ग्रंथी त्यांनी सुकवून टाकल्यात. सांधेही धरतात. का बिथरले, ते डॉक्टरांनाही धड सांगता येत नाही. हा आजार कुणाला लागत नाही, कुणाच्या पापानं होत नाही. आणि या बाईनं मला अकरा वर्षं लेकीसारखं वागवलं. ती गेल्याचं दुःख माझ्या डोळ्यांत बोट घालून मोजायचं नाही!”

एवढं बोलून तिने सगळ्यांदेखत डोकं मागे टाकलं आणि दोन्ही डोळ्यांत थेंब घातले.

सेलुवाया आत्या मयताच्या उशाशी बसल्या होत्या. त्या विकाच्या आतेबहीण; इकडे बापाच्या बहिणीकडचं नातं वरचढ, म्हणून मयतापाशी सगळ्यांत मोठा मान त्यांचा. कालपासून त्यांनी असा टाहो फोडला होता, की पलीकडच्या गावची कुत्री ओरडायची. त्यांनी तोंडावरचा रुमाल बाजूला केला.

“पोरी, तोंड कोरडं पडतं म्हणालीस? घास पाण्याबरोबर गिळावा लागतो?”

“हो, आत्या.”

“सकाळी मूठ वळत नाही?”

“नाही वळत.”

आत्यांनी रुमाल पिळून दाखवला. खडखडीत कोरडा होता.

“तीन वर्षं झाली, मलाही थेंब येत नाही. आवाज मोठा काढला की डोळ्यांत कोण बघतंय?”

पाद्रीबाबांना खोकला आला.

“ये, माझ्याशेजारी बस,” आत्यांनी लोसालिनेला जवळ ओढलं. “सोमवारी मला तुझ्या डॉक्टरकडे ने. आणि उनालोतो, उभी काय राहिलीस? आम्हा दोघींचे डोळे आजारी आहेत. तुझे चांगले आहेत ना? मग बस समोर, आणि आमच्या वाटचंही रड.”

पन्नास-साठ माणसं उनालोतोच्या डोळ्यांकडे टक लावून बघू लागली. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ओठ दाबले, पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा घट्ट मिटल्या. काही केल्या एक थेंब येईना.