पाटणकरांचं सेंटरिंग

नागोयात माणसाची ओळख त्याच्या घरासमोरच्या गाडीवरून होते. पाटणकरांच्या घरासमोर, गाडीच्या जागेत, कॅथीड्रल उभं आहे.

पूर्ण नाही. मध्ययुगात युरोपात ही प्रचंड देवळं बांधणाऱ्यांच्या हयातीत पूर्ण होत नसत, असं पाटणकर सांगतात. सांगताना त्यांचा चेहरा असा खुलतो की अपूर्ण राहणं हाच गॉथिक शैलीचा मुख्य अलंकार असावा असं वाटतं. सध्या उभा आहे तो एकच गाळा: चार खांब, टोकदार कमानी, वर फासळ्यांसारख्या पट्ट्यांवर तोललेलं दगडी छत, आणि भिंत बाहेर कलू नये म्हणून बाहेरून हात दिल्यासारखे दोन उडते टेकू. उंची माझ्या छातीपर्यंत. माझी उंचीही काही फार नाही.

पाटणकर मोटारींच्या दारांची कुलपं करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आधी गाडी विकली. मोटारींच्या गावात मोटारींच्या इंजिनियरने गाडी विकणं म्हणजे हलवायाने मधुमेह जाहीर करण्यासारखं आहे. शेजाऱ्यांना वाटलं, घरात काहीतरी वाईट झालं असणार. दोघं-तिघं फळांची टोपली घेऊन विचारपूस करून गेले.

"जन्मभर कुलपं केली हो, पंडित," ते मला म्हणाले. "नवं मॉडेल आलं की जुनं कुलूप भंगारात. आता असं काहीतरी करायचंय, जे मी मेल्यावरही अर्धंच असेल."

पंडित म्हणजे मी. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका जपानीतून इंग्रजीत आणतो. कोणता स्क्रू कोणत्या दिशेने फिरवावा हे मी हजारो लोकांना समजावलं आहे; स्वतः मात्र एकही फिरवलेला नाही. पाटणकरांना हे पहिल्याच भेटीत कळलं होतं, आणि 'पंडित' ही त्यांनी त्याबद्दल दिलेली सौम्य शिक्षा आहे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "घाई नाही. आपल्याकडे शंभर वर्षं आहेत." हे ते दातांच्या डॉक्टरांना सांगतात, गॅसचं मीटर बघायला आलेल्या मुलाला सांगतात, आणि एकदा तर स्टेशनवर दार मिटू लागलेल्या आगगाडीसमोर, मी त्यांची बाही ओढत असताना, मला सांगितलं होतं. ती गाडी गेली. पुढची आली तेव्हा मात्र त्यांनी मला आत ढकललं.

मी या बांधकामावर कसा लागलो, ते सांगायला हवं. माझी बायको सुनंदा गेली, त्यानंतर महिना-दीड महिना मी घरात काहीच हलवलं नाही. मग एके दिवशी सगळंच हलवायचं ठरवलं. तिने स्वयंपाकघरात एक लाकडी मांडणी करून घेतली होती. तिच्यावर डबे असत, एका फळीवर हळदीचा मोठा डाग होता, आणि सकाळी चहा करायला गेलो की ती मांडणी माझ्याकडे बघायची. मोठा कचरा पालिकेने उचलावा म्हणून इथे विकत मिळते ती चिठ्ठी मी दुकानातून आणली, मांडणीला चिकटवली, आणि नियमाप्रमाणे सकाळी रस्त्याच्या कडेला ठेवून आलो. मी नियम पाळतो. दुपारी मला ती परत हवीशी झाली. धावत खाली गेलो तर जागा मोकळी. पालिकेचा ट्रक इथे वेळेवर येतो, हे आपण एरवी कौतुकाने सांगत असतो.

त्या आठवड्याच्या रविवारी पाटणकर दारात उभे. "एक माणूस कमी पडतोय," म्हणाले. "हात कसेही असले तरी चालतील."

माझे हात खरोखरच कसेही होते. पाटणकरांचे नियम मध्ययुगीन. कागदावर नकाशा नाही. पूर्ण मापाचं रेखाटन जमिनीवर करायचं. त्यासाठी त्यांनी बैठकीच्या खोलीत गिलाव्याचा थर पसरला होता. काटकोन मिळवायचा तो गाठी मारलेल्या दोरीने. सिमेंट नाही, चुना. दगड म्हणजे घरबांधणीच्या दुकानात मिळणारे हलक्या काँक्रीटचे ठोकळे. तेवढी एक सवलत त्यांनी स्वतःला दिली होती, कारण योशिकोवहिनींनी खऱ्या दगडांचा ट्रक परत पाठवला होता.

योशिकोवहिनी त्यांच्या पत्नी. त्यांचं मराठी अस्सल पुणेरी आहे, पण ते त्या सासूबाईंकडून शिकल्या, त्यामुळे त्यांना मराठीत फक्त आज्ञार्थ येतो. "उठा. हात धुवा. जेवा. इथे चुना नको." प्रेम, राग, चौकशी, सगळं त्या यातच भागवतात. आम्ही आयुष्यभर मराठी बोललो, पण इतक्या कमी शब्दांत कुणाला जमलेलं नाही.

त्या काळचा पाथरवट आपल्या प्रत्येक दगडावर आपली खूण कोरत असे. पाटणकरांनी मलाही एक खूण दिली: चष्मा. मी दगड कापायचो, चष्मा कोरायचो, पाटणकर तो उचलून उजेडात धरायचे आणि सुस्कारा सोडायचे.

"पायाभरणीत घाला."

"हासुद्धा?"

"हासुद्धा. पंडित, वाईट वाटून घेऊ नका. दिसणार नाहीत, पण भार तेच घेतील."

आज त्या कॅथीड्रलच्या पायात इतके चष्मे आहेत की पुढच्या काळातल्या संशोधकांना ते चष्म्याच्या दुकानाचे अवशेष वाटतील.

खांब झाले, टेकू झाले, छताची वेळ आली. छताची मेख अशी की कमान पूर्ण होईपर्यंत ती कमान नसतेच; नुसते पडायला निघालेले दगड असतात. म्हणून आधी खाली लाकडाचा साचा उभारायचा. आपले मिस्त्री ज्याला सेंटरिंग म्हणतात, तेच. त्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत वर यायचं, शेवटी मध्यावर कळीचा दगड बसवायचा, चुना आवळू द्यायचा, आणि मग साच्याखालच्या पाचरी हळूहळू सैल करून लाकूड काढून घ्यायचं. त्या क्षणी कळतं, आपण छत बांधलंय की ढिगारा.

सेंटरिंग पाटणकरांनी एकट्यानेच केलं. मी आलो तेव्हा ते उभं होतं आणि लाकडाने चुन्यातला ओलावा शोषू नये म्हणून चारही बाजूंनी ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं होतं. "गोणपाटाला हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. त्यांचा आवाज चढल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. कळीचा दगड बसला. योशिकोवहिनींनी "गोड खा" असा हुकूम सोडून शिरा दिला.

आणि मग काहीच झालं नाही. उन्हाळा गेला, हिवाळा गेला. दर रविवारी मी जायचो, पाटणकर गोणपाटावर पाणी शिंपडायचे, मी बघायचो.

मी वाचणारा माणूस. एव्हाना कॅथीड्रलांवरची पुस्तकं वाचून मी या विषयात भयंकर हुशार झालो होतो. त्यामुळे मी त्यांना शिकवू लागलो.

"अहो, ते लोक सेंटरिंग असं ठेवत नसत. लाकूड महाग. एका गाळ्याचं काढलं की तेच पुढच्या गाळ्याला."

"चुना ओला आहे."

"वर्षभर?"

"इथली हवा दमट."

पुढच्या रविवारी, "भूकंपाचा देश आहे, पंडित." त्याच्या पुढच्या रविवारी, "घाई काय? शंभर वर्षं आहेत." मी घरी येऊन निष्कर्ष काढला की पाटणकर घाबरतात. इंजिनियर शेवटी परीक्षेला भितो, असं एक सुंदर वाक्यही मला सुचलं. ते मी त्यांना ऐकवलं. ते गोणपाटावर पाणी शिंपडत राहिले. मला वाटलं, वर्मी लागलं.

यंदाच्या पावसाळ्यानंतर वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष ओकाझाकीसान आले. गोणपाटाभोवती दोन फेऱ्या मारून, फारच भव्य काम आहे, देखभालीचा त्रास होत असेल, असं म्हणाले. इथे याचा अर्थ 'हे हटवा' असा होतो. मग जमिनीलगत बोट दाखवून हळूच म्हणाले, "शिरोआरी." म्हणजे वाळवी. सगळी वस्ती लाकडी घरांची, आणि मधोमध हे कायमचं ओलं लाकूड. पाटणकर कमरेतून वाकले आणि आठवडाभरात लाकूड निघेल असा त्यांनी शब्द दिला.

त्यांचा चेहरा पडला होता. ओकाझाकीसान गेल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, "या रविवारी येऊ नका."

"म्हणजे? सेंटरिंग निघणार आणि मी नको?"

"कोसळलं तर उगाच तुमच्या डोळ्यांदेखत नको."

मला फार लागलं. पायातल्या सगळ्या चष्म्यांचा हा अपमान होता. पण खरं सांगायचं तर भीती वेगळीच होती: छत उभं राहिलं काय किंवा पडलं काय, काम संपणार होतं, आणि मग रविवारी मी कुठे जाणार होतो? शनिवारभर मी रुसून बसलो. घरात समजूत काढणारं कुणी नसलं की रुसवा फार वेळ टिकत नाही. रविवारी उजाडताच मी निघालो.

पाटणकर गुडघ्यांवर बसले होते. गोणपाट बाजूला पडलं होतं. हातातल्या लाकडी हातोडीने ते शेवटच्या पाचरीवर टिचक्या मारल्यासारखे ठोके देत होते. मला पाहून ते थांबले.

"पंडित, जा घरी."

"नाही जात."

"जा म्हणतो ना!"

मी वाकून आत पाहिलं. कमानीखालच्या फळ्यांवर गोल खुणा होत्या, एकाला एक खेटून, मोठे डबे आणि मग लहान डबे. सगळ्यात बाहेरच्या फळीवर हळदीचा डाग होता. फळी कमानीच्या आकारात कापलेली होती, आणि करवत डागाला वळसा घालून गेली होती.

मी तिथेच फरशीवर बसलो.

"त्या सकाळी डबा द्यायला येत होतो," पाटणकर म्हणाले. "ही मांडणी रस्त्यावर. चिठ्ठी लावलेली. वर पाहिलं तर तुम्ही खिडकीत, पाठ फिरवून. मी घरी जाऊन ढकलगाडी आणली."

"चिठ्ठी लावलेली वस्तू? इथे तशी उचलत नाहीत."

"नाहीच उचलत. ओकाझाकीसाननी बघितलं. त्यांनीही पाठ फिरवली."

"मला दिली का नाहीत?"

"तेव्हा दिली असती तर तुम्ही पुन्हा टाकली असती. ठेवून घेतली तर चोरी. मग म्हटलं, कामाला लावू. कामाला लागलेली वस्तू कुणी टाकत नाही."

"आणि मी वर्षभर डोकं खात होतो, काढा, काढा."

"हो ना," ते जरा वैतागून म्हणाले. "पुस्तकं फार वाचता तुम्ही."

मग मी हात पुढे केला आणि त्यांनी हातोडी दिली. मी मारलेला ठोका पाचरीवर न बसता त्यांच्या अंगठ्यावर बसला. त्यांनी अंगठा तोंडात घालून दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून ती पाचर सैल केली. लाकूड केसभर खाली आलं. वरून चुन्याचे चार कण पडले, आत कुठेतरी दगड दगडावर टेकल्याचा बारीक आवाज झाला, आणि छत आपल्या जागी राहिलं.

"हात धुवा," दारातून योशिकोवहिनी म्हणाल्या. त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. डोळे पुसून त्यांनी पुढचं वाक्य पूर्ण केलं, "जेवा."

पाटणकरांनी फळ्या एकेक करून बाहेर काढल्या. जमिनीकडे बघत विचारलं, "घेऊन जाता?"

वाकड्या कापलेल्या त्या फळ्यांची मांडणी आता होणार नव्हती.

"दुसऱ्या गाळ्याचं सेंटरिंग कशाचं करणार?" मी विचारलं.

"बघू. घाई—"

"हेच लावा. पुस्तकात तसंच आहे."

पाटणकर माझ्याकडे पाहत राहिले. दुसरा गाळा घ्यायचा तर तो थेट वहिनींच्या हायड्रेंजियांच्या कुंड्यांवर येत होता. आम्ही दोघांनी भीत भीत दाराकडे पाहिलं.

"कुंड्या उचला," वहिनी म्हणाल्या.

जेवणानंतर मी कुंड्या उचलल्या. पाटणकरांनी फळ्या वाळवायला उन्हात, भिंतीला टेकवून ठेवल्या. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. ते सुनंदा सांगायची. मी तोंड उघडणार तेवढ्यात पाटणकर परत गेले, ती एक फळी उचलली, आणि डागाची बाजू भिंतीकडे करून ठेवली.